कोपरातला बोळा

थंडीचा कडाका सुरू व्हायच्या आत धुराडं झाडून झालं नाही, तर काजळमावशींना अन्न गोड लागत नसे. त्या वर्षी मात्र सगळंच लांबलं. सून दीड महिना आधीच बाळंत झाली, घर पंधरा दिवस दवाखान्याच्या खेपा घालत राहिलं, आणि बाळ घरी आलं ते एवढंसं, दोन तळहातांवर मावेल असं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "बाकी सगळं होईल हळूहळू. ऊब मात्र कमी पडू देऊ नका."

ऊब म्हणजे लोखंडी चूल. रोजचा स्वयंपाक गॅसवर व्हायचा, पण थंडीत घर तापवायला ती जुनी लाकडाची चूलच लागे. तिचं नळकांडं स्वयंपाकघराच्या छतातून वरच्या खोलीत जायचं, तिथे डोक्याएवढ्या उंचीवर कोपरासारखं वळायचं आणि भिंतीतल्या विटांच्या धुराड्यात शिरायचं. धुराडं सरळ वर, गच्चीबाहेर. वरच्या खोलीला तापलेल्या नळकांड्याशिवाय दुसरी शेगडी नव्हती, आणि पाळणा त्याच खोलीत टांगला होता.

काजळमावशी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांचे वडील धुराडी झाडायचे. शहराच्या त्या बाजूची निम्मी धुराडी त्यांच्या हातची. पोरगी लहानपणापासून त्यांच्यामागे हिंडली, लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे आली, पण शेजारच्यांची चूल धुमसायला लागली की हाक हिलाच. नुसता धूर बघून त्या सांगत, "तुमची लाकडं ओली आहेत," नाहीतर "नळकांड्याची झडप अर्धी लागलीय बघा." पुढे कोणीतरी काजळमावशी म्हटलं आणि तेच चिकटलं. मावशींना त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर गर्वच होता.

वडील गेल्यावर धुराडं झाडायला दरवर्षी लंबूदादा यायचे. लंबूदादा म्हणजे वडिलांच्या हाताखाली तयार झालेला शेवटचा माणूस, आता पंचाहत्तरीचा. त्या वर्षी ते आले नाहीत. त्यांचा गोल ब्रश आणि एकमेकीत बसणाऱ्या वेताच्या कांड्यांचा जुडगा तेवढा आला. सोबत चिठ्ठी: "गुडघे संपले. सामान पाठवतोय. काम झालं की परत दे, आणखी एक जण वाट बघतोय."

"आई, आपण कोणाला तरी बोलावू ना," सून म्हणाली. "हल्ली माणसं येतात. यंत्राने ओढून घेतात सगळी काजळी. अर्ध्या तासात मोकळं."

"यंत्राला काय कळतंय? धुराडं कानाने झाडायचं असतं."

"मग मी खाली उभी राहते. मोजायला. तुम्हीच सांगता ना, मोजायला दुसरा माणूस लागतो म्हणून."

"तू बाळाकडे बघ. पन्नास वर्षं हेच बघत आलेय मी. अजून काही बोळ्याने दूध पीत नाही."

सुनेने मांडीवरचं दुपटं सारखं केलं. घरात बोळ्याने दूध पिणारं त्या वेळी एकच होतं आणि ते तिच्या मांडीवर होतं. बाळाला ओढायची ताकद नव्हती म्हणून नर्सबाईंनी शिकवलं होतं: उकळलेल्या मऊ कापसाच्या फडक्याचा बोळा करायचा, दुधात बुडवायचा, ओठांना लावायचा, थेंब थेंब पाजायचं. पाजून झालं की बोळा काढायचा, तोंडात एखादा धागा राहिला नाही ना बघायचं, आणि बोळा पुन्हा उकळत टाकायचा. सून ते अगदी घड्याळ लावून करायची. मावशी तरी दर वेळी विचारायच्या, "काढलास का? नीट बघितलंस?" सून दर वेळी "हो" म्हणायची. ते "हो" दिवसेंदिवस आखूड होत चाललं होतं.

धुराडी झाडण्याच्या धंद्यातही बोळाच असतो. गच्चीवरून ब्रश खाली ढकलत न्यायला लागलं की काजळी सुटते आणि जिथे भोक दिसेल तिथून खोलीत उसळते. म्हणून आधी सगळी भोकं गोणपाटाच्या घट्ट गुंडाळ्यांनी बंद करायची. त्या गुंडाळ्या म्हणजे बोळे. मावशींच्या घरात तीन जागा: चुलीचं तोंड, धुराड्याच्या तळाशी असलेली काजळी काढायची खिडकी आणि वरच्या खोलीतला कोपर. कोपराला पत्र्याचं टोपण होतं. ते काढायचं, बोळा आत दाबायचा आणि गोणपाटाचा हातभर तुकडा बाहेर लोंबत ठेवायचा. वडील त्याला शेपूट म्हणायचे. "शेपूट नसलेला बोळा म्हणजे उंदीर," ते म्हणत. "बिळात गेला की गेला." आणि काम संपल्यावर, चूल पेटवायच्या आधी, एकाने विचारायचं, "घातले किती?" दुसऱ्याने सांगायचं. मग, "काढले किती?" दोन्ही आकडे जुळले तरच काडी ओढायची. वडिलांनी हे कधी चुकवलं नाही. एकट्याने काम केलं तर घरातल्या कोणालाही उभं करायचे. एकदा मावशींच्या आजीला केलं होतं. तिला दोनच्या पुढे मोजता येत नव्हतं. ती नुसती "बरोबर, बरोबर" म्हणत राहिली.

त्या दिवशी सकाळी मावशींनी बाळाला आणि सुनेला खालच्या पुढच्या खोलीत बसवलं आणि तिन्ही बोळे घातले. कोपरापाशी त्या थबकल्या. टोपण उघडं राहिलं तर काळे कण झिरपत राहणार, पाळण्यावर, दुपट्यांवर. बाळाच्या छातीत तसलं काही जायला नको. त्यांनी शेपूट आत खोचलं आणि टोपण घट्ट लावून टाकलं. पन्नास वर्षांत असं कधी केलं नव्हतं. केलं ते मायेपोटी.

मग गच्ची, ब्रश, कांडीला कांडी. खाली उतरून त्यांनी तळाच्या खिडकीतला बोळा काढला. दीड बादली काजळी निघाली. चुलीच्या तोंडातला काढला. वर जायला वळल्या तेवढ्यात सुनेने हाक मारली, "आई, जरा येता का? उचकी थांबत नाहीये ह्याची." मावशी हात धुऊन धावल्या. उचकी थांबायला, बाळ झोपायला अर्धा तास गेला. मग त्या वरच्या खोलीत डोकावल्या. खोली लख्ख होती, काजळीचा ठिपका नव्हता, टोपण जागेवर, बाहेर काही लोंबत नव्हतं. झालं सगळं, असं म्हणून त्यांनी सुनेला पाळण्यापाशी वर पाठवलं आणि ब्रश-कांड्या गोणीत भरल्या. दुसऱ्याचं सामान घरात असलं की त्यांना चैन पडत नसे.

"मी लंबूदादांकडे हे टाकून येते. साडेचारला चूल पेटव. पाचला नर्सबाई वजन करायला येतील, तोवर वरची खोली उबदार झाली पाहिजे."

"बरं," सून म्हणाली.

लंबूदादा शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहायचे, खाली किराणा दुकान. गुडघ्यांना लोकरीचे पट्टे बांधून ते खिडकीत बसले होते. मावशींना बघून त्यांनी आधी गोणी उघडली, ब्रशचे केस बोटांनी चाचपले, मग चहा ठेवला.

"किती निघाली?"

"दीड बादली. चकाकणारी. डांबरासारखी कडक."

"लाकडं कोण आणतं?"

"मुलगा."

"रंग बघून आणत असेल. लाकूड रंगावर घेऊ नये, आवाजावर घ्यावं. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघ म्हणावं, ठण्ण वाजलं तर घरात आण."

"सांगते त्याला. तो माझं ऐकतो थोडाच."

"तू तुझ्या बापाचं ऐकायचीस का?" लंबूदादा हसले. कप पुढे सरकवत, सवयीनेच, खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "घातले किती?"

"तीन."

"काढले किती?"

मावशी बोटांवर मोजायला लागल्या. खालची खिडकी, एक. चुलीचं तोंड, दोन. मग उचकी. मग वरची स्वच्छ खोली. टोपण लावलेलं होतं ते त्यांनी बघितलं होतं, पण उघडल्याचं आठवेना. आठवायला गेल्या की दरवर्षीचा कोपर डोळ्यांपुढे यायचा, दरवर्षीचं लोंबणारं शेपूट, ते ओढताना येणारा खरखर आवाज. या वर्षीचा आवाज कुठेच सापडेना.

"काय गं?"

"दोन आठवतायत."

लंबूदादांनी कप खाली ठेवला. "शेपूट?"

"आत खोचलं होतं मी. बाळाची खोली म्हणून."

मावशी उठल्या आणि जिना उतरून दुकानात गेल्या. तिथे फोन होता. घड्याळात पावणेचार झाले होते. पलीकडे बरीच घंटा वाजली, मग सुनेचा दबका आवाज आला.

"अगं, बोळा काढला का?"

मागे बाळाची कुरकुर.

"काढला," सून म्हणाली.

"तूच काढलास?"

"मीच. दुसरं कोण आहे घरात?"

"नीट बघितलंस ना? आत काही राहिलं नाही ना?"

"नाही राहिलं. काढला, धुतला, उकळतही टाकला. सगळं तुम्ही सांगितल्यासारखं केलंय, आई."

"शहाणी गं बाई माझी," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वर येऊन त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला. "सुनेनेच काढलाय. न सांगता."

"न सांगता वर चढून टोपण उघडलं? हुशार आहे."

"हुशारच आहे. बोलत नाही फार, पण लक्ष असतं." एरवी सुनेचं कौतुक करताना त्यांच्या जिभेला ओझं वाटायचं. त्या दिवशी भडाभडा केलं.

चारच्या बसला त्यांना खिडकीची जागा मिळाली. पुढे एक ओंडक्यांचा ट्रक गोगलगायीसारखा चालला होता आणि बस त्याच्या मागे. मावशी बाहेर बघत बसल्या. बसून बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. मनात काहीतरी खुपत होतं, चपलेत खडा जावा तसं. सून काय म्हणाली? काढला, धुतला. काळाकुट्ट झालेला बोळा धुतला, ठीक आहे, स्वच्छतेची आवड आहे तिला. उकळतही टाकला.

गोणपाट कोण उकळतं?

दुसरा बोळा डोळ्यांसमोर आला, बोटाएवढा, पांढरा, दुधाने माखलेला. "नीट बघितलंस ना? आत काही राहिलं नाही ना?" हेच तर त्या रोज तिला विचारत होत्या, दिवसातून आठ वेळा, याच शब्दांत. तिने रोजच्या प्रश्नाला रोजचं उत्तर दिलं होतं.

चार वाजून बारा मिनिटं.

वडिलांकडून एकदाच राहिला होता बोळा. एका मास्तरांच्या घरी, मोजणीच्या वेळी पाहुणे आले आणि आकडे अर्धवट राहिले. मास्तर, त्यांची बायको आणि दोन मुली डोकी धरून उलट्या करत अंगणात येऊन पडले, म्हणून वाचले. धूर दिसतो, नाकातोंडात जातो, माणूस खोकत तरी बाहेर पळतो. पण कोंडलेल्या निखाऱ्यातून जे सुटतं ते दिसत नाही, त्याला वास नाही, आणि झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो. हे वडिलांनी मावशींना सांगितलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. पुढे आठवडाभर वडील रोज संध्याकाळी मास्तरांच्या पायरीवर जाऊन नुसते बसायचे. कोणी बोलावलं तर आत जायचे नाहीत.

"पुढे काढा ना गाडी," मावशी कंडक्टरला म्हणाल्या.

"ट्रकवरून काढू का, मावशी?"

"मग मला उतरवा."

"थांबा आला की उतरा."

थांबा यायला सात मिनिटं लागली. मावशींनी ती दारातल्या दांडीला धरून उभ्याने काढली. कोपऱ्यावर एक औषधाचं दुकान होतं, तिथे फोन होता. त्यांनी आकडे फिरवले. टूं, टूं, टूं. पुन्हा. तोच आवाज. बाळ झोपलं की सून रिसीव्हर काढून बाजूला ठेवायची, घंटेने दचकू नये म्हणून. ही सवय तिला मावशींनीच लावली होती. म्हणजे बाळ झोपलं होतं.

तिथून घर पाऊण मैल. पुढच्या बसची वाट बघत त्या मिनिटभर उभ्या राहिल्या आणि ते मिनिट संपेना, तेव्हा चालायला लागल्या, आणि चालताचालता कधी धावायला लागल्या ते कळलं नाही. चौसष्ट वर्षांची बाई पदर खोचून धावतेय म्हटल्यावर लोक बाजूला होत होते. एक ओळखीचा न्हावी दुकानातून म्हणाला, "काय मावशी, कोणाची चूल बिघडली?" मावशींनी वळूनही बघितलं नाही.

थंडीमुळे घरोघरी चुली पेटल्या होत्या. मावशींचे डोळे त्याही अवस्थेत सवयीने वर जात होते. हा धूर पांढरा, लाकडं ओली. हा निळसर, छान. इथे झडप लावायला हवी. दुसऱ्यांच्या घरांचं सगळं दिसत होतं. दिव्याखाली अंधार तो आपल्याच घरी.

गल्लीच्या तोंडाशी आल्या तेव्हा चार चाळीस झाले असतील. त्यांनी आपलं धुराडं बघितलं. धूर नव्हता.

त्या तिथेच थांबल्या. छाती भात्यासारखी हलत होती. धूर नाही म्हणजे चूल पेटवलीच नाही. नाहीतर पेटवली आहे आणि वर यायला वाट नाही. सगळ्या गल्लीला धूर वाचून दाखवणाऱ्या मावशींना न दिसणारा धूर वाचता येईना. मग त्यांना वरच्या खोलीची खिडकी दिसली. दोन्ही दारं सताड उघडी, या थंडीत, आणि पडद्याच्या कडेने राखाडी काहीतरी हळूहळू बाहेर येत होतं.

"मावशी. अहो मावशी. इकडे."

हाक समोरच्या शिलाईवालीची होती. तिच्या दुकानात, कापडाच्या ताग्यांमध्ये, सून खुर्चीत बसली होती. केस विस्कटलेले, नाकाखाली काळी रेघ, डोळे लाल. तिच्या छातीशी शिलाईवालीच्या एका अर्धवट शिवलेल्या कोटात गुंडाळलेलं बाळ होतं. मावशींनी आधी त्याच्याकडे बघितलं. ओठ गुलाबी होते. नाकपुड्या हलत होत्या. त्यांनी बोट पुढे नेलं, श्वास लागतोय का बघायला, तर बाळाने तोंड वेडंवाकडं करून टाहो फोडला. त्यांना खाली बसावंसं वाटलं, पण बसायला जागा नव्हती.

"बरा आहे तो," सून म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "ह्याला घेऊन मी खाली आले होते, चूल पेटवायला. वर एकटा ठेवायचा जीव होईना. पेटवली आणि धूर सगळा तोंडावर. मी झडप ओढली, ढकलली, काही होईना. ह्याला पुढच्या खोलीत ठेवून वर धावले, तर खोली भरलेली. मग राखेची बादली चुलीत ओतली, वरच्या खिडक्या उघडल्या आणि पळाले." ती थांबली. "काहीतरी चुकलं माझं, आई. झडप उलटी ओढली असणार. नाहीतर लाकडं ओली होती."

"होतं असं," शिलाईवाली मान हलवत म्हणाली. "आजकालच्या मुलींना चूल कुठली पेटवता येते. खटका दाबला की गॅस, एवढंच माहीत. मावशी घरात असत्या तर झालं असतं का हे? पन्नास वर्षांचा हात आहे त्यांचा."

सुनेने खाली बघितलं.

हे मी लपवून ठेवणार नाही: त्या क्षणी मावशी बोलू शकत होत्या आणि बोलल्या नाहीत. "मी बघून येते," एवढं म्हणून त्या समोर आपल्या घरात गेल्या.

स्वयंपाकघरात धुराचा थर गुडघ्याएवढा खाली आला होता. चुलीत राखेखाली लाकडं मेलेली. झडप त्यांनी हात लावून बघितली. उघडी होती, अगदी बरोबर. शेजारी काढून ठेवलेली लाकडं उचलून एकमेकांवर आपटली. ठण्ण वाजली. सुनेने गठ्ठ्यातली सगळ्यात सुकी निवडून घेतली होती. पदर नाकाला लावून त्या वर गेल्या, स्टुलावर चढल्या आणि कोपराचं टोपण उघडलं.

तो तिथेच होता. शेपूट आत दुमडलेलं, मावशींनी दुमडलेलं, आणि एका कडेला तांबूस जळका डाग पडला होता. चूल आणखी दहा मिनिटं जळली असती तर त्याने पेट घेतला असता. त्यांनी तो ओढून काढला. धुराड्यात लगेच हवा खेचली गेल्याचा आवाज आला आणि खोलीतला धूर त्या भोकाकडे वळायला लागला.

काजळीची बादली जिन्यापाशीच होती. वर झाकण. बोळा आत टाकायचा, झाकण लावायचं, चूल पुन्हा पेटवायची आणि खाली जाऊन म्हणायचं, "झडपच होती, आता नीट झालं." कोणालाही कळलं नसतं. मुलगा संध्याकाळी आल्यावर बायकोला दोन शब्द बोलला असता. शिलाईवालीने गल्लीभर सांगितलं असतं. सुनेने सगळं ऐकून घेतलं असतं, कारण तिला स्वतःलाच ते खरं वाटत होतं. मावशींनी बादलीचं झाकण उघडलंसुद्धा. मग ते हातात धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या. गल्लीतून बाळाचं रडणं वर येत होतं आणि त्यावर सुनेचं "नाही नाही, झालं झालं" असं एकसारखं, थांबायचं नाव न घेणारं.

त्यांनी झाकण टाकलं आणि बोळा तसाच हातात घेऊन भर गल्लीतून समोर गेल्या. शिलाईवालीच्या टेबलावर खडूच्या रेघा मारलेलं फिकट कापड होतं. ते त्यांनी बाजूला सारलं आणि बोळा तिथे ठेवला.

"हा काय प्रकार?" शिलाईवाली म्हणाली.

"कोपरातला बोळा. मी सकाळी घातला, तो काढायचा राहिला. माझ्याकडून. हिची झडप बरोबर होती आणि लाकडंही बरोबर होती."

शिलाईवालीने कात्री उचलली, पुन्हा ठेवली. सून बोळ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "फोनवर तुम्ही ह्या बोळ्याचं विचारत होतात?"

"हो."

"आणि मी..." तिच्या ओठांचा कोपरा हलला, हसू येतंय असं वाटलं, पण जे आलं ते हसू नव्हतं. "मला वाटलं, इतक्या लांब जाऊनसुद्धा माझ्यावर पहारा चाललाय. दुकानातून फोन करून. मी चिडून ठेवला फोन. मग रिसीव्हर काढून ठेवला. बाळासाठी नाही. तुमच्यासाठी."

"बरोबर केलंस."

"बरोबर नाही केलं. काहीच बरोबर नाही झालं आज." तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मी म्हटलं होतं, मोजायला उभी राहते म्हणून."

"म्हटलं होतंस."

"तुम्ही म्हणालात..."

"मी काय म्हणाले ते आहे माझ्या लक्षात."

तेवढ्यात नर्सबाई सायकल टेकवून दुकानातच आल्या. वरची उघडी खिडकी बघून त्या घाबरल्या होत्या. त्यांनी बाळाला कोटातून सोडवलं, छातीला नळी लावली, नखं बघितली, डोळ्यांत बघितलं. शिलाईवालीच्या दुकानात कोणी हलत नव्हतं. फार वेळ लावला त्यांनी, किंवा मावशींना तसं वाटलं.

"छाती साफ आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "बाळ खाली होतं आणि लगेच बाहेर आणलंत, म्हणून निभावलं. आज रात्री त्याला इथेच कुठेतरी उबेत ठेवा, त्या खोलीत नको. काही वेगळं वाटलं तर लगेच दवाखाना. पण झालं कसं?"

सुनेने मावशींकडे बघितलं आणि वाट बघितली. तेव्हा मावशींनी पुन्हा सगळं सांगितलं, परक्या बाईला, पहिल्यापासून, शेपूट आत खोचल्यापासून. नर्सबाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

"उद्या मी त्या यंत्रवाल्यांना बोलावणार आहे," सून म्हणाली. "धुराडं पूर्ण तपासून घ्यायला. त्यांनी सांगितल्याशिवाय चूल पेटणार नाही."

"बोलाव," मावशी म्हणाल्या.

त्यांनी बाळाकडे हात पुढे केले. सकाळपासून त्यांना ते मांडीवर हवं होतं आणि आता तर फारच हवं होतं. सून जागची हलली नाही. तिची नजर त्यांच्या हातांवर होती.

"आधी हात धुवा, आई."

दुकानाच्या मागे नळ होता. पाणी बर्फासारखं. मावशींनी शिलाईवालीचा साबण घेतला, तळहात घासले, बोटांच्या बेचक्या घासल्या. काळं पाणी मोरीत वाहत गेलं. त्या परत आल्या आणि शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही हात पुढे धरले. सुनेने ते उलटेपालटे करून बघितले, न हसता, न रागावता.

"नखांत आहे अजून."

मावशी परत गेल्या. नळाशेजारी कपडे घासायचा ताठ केसांचा ब्रश होता, तो घेतला आणि एकेक नख धरून घासायला लागल्या. पन्नास वर्षांत त्यांची नखं पूर्ण पांढरी झाली होती का, त्यांना आठवेना. आतून बाळाची कुरकुर ऐकू आली, मग सुनेचं काहीतरी हळू बोलणं, मग काहीच नाही. मावशींनी पाणी बंद केलं, कान देऊन ऐकलं. बाळाने जांभई देताना करावा तसा एक बारीकसा आवाज केला. त्यांनी पाणी पुन्हा सोडलं आणि अंगठ्यापासून परत सुरुवात केली.